इंग्रजी न येणाऱ्या आईचं काम

मॅडम, सा. न.

माझी मुलगी गावातल्या शाळेत दहावीला आहे. मराठी माध्यम. आमची दीड एकर द्राक्षबाग आहे. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले, पण इंग्रजीत नेहमी काठावर. मुलगी हुशार आहे. सहामाहीत मराठीत ८० पैकी ६८ पडले, गणिताचे दोन्ही भाग मिळून ८० पैकी ७१. इंग्रजीत मात्र ३५. अभ्यास करत नाही म्हणावं तर तसंही नाही. पहाटे उठून पत्रं, गोष्टी, भाषणं पाठ करते. क्लासच्या सरांनी बारा पत्रं आणि दहा गोष्टी लिहून दिल्यात, त्या घडाघडा म्हणून दाखवते. पेपरात त्यातलं काही आलं नाही की रडत घरी येते. जाऊबाईंचा मुलगा सांगलीला इंग्लिश मीडियमला आहे. तो इंग्रजीत बोलायला लागला की ही उठून आत जाते. ह्यांचं म्हणणं, दिवाळीनंतर तिला सांगलीच्या क्लासला घालू, रोज एसटीनं जाईल. जायला-यायला तीन तास मोडतील. मला इंग्रजी येत नाही, त्यामुळं मी नुसती शेजारी बसून असते. मराठी शाळेत घालून आमचं चुकलं का? आणि आता एवढ्या दिवसांत काय होण्यासारखं आहे? उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. नाव छापू नये.

– एक आई, ता. तासगाव

ताई,

तुमचं पत्र मी नंतर वाचलं, झेरॉक्स आधी. एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. त्यामुळं आकड्यांचा चौकोन दिसला की नजर तिकडंच जाते.

तो चौकोन तुम्हीही एकदा माझ्यासोबत बघा. व्याकरण, १० पैकी ६. पुस्तकातले दोन उतारे, २० पैकी १४. कविता, १० पैकी ५. शेवटचं भाषांतर, ५ पैकी ४. म्हणजे इथवर ४५ पैकी २९. हे फर्स्ट क्लासचे गुण झाले. आता राहिलेले दोन विभाग. पुस्तकाबाहेरचा उतारा आणि त्याचा सारांश, १५ पैकी ३. लेखन, २० पैकी ३.

३५ पैकी ६. तुमच्या मुलीचं सगळं दुखणं एवढ्या जागेत आहे. जे आधी पाहिलेलं आहे तिथं ती चालते, आणि जे नवं आहे तिथं थबकते. पहाटे उठून आणखी दहा पत्रं पाठ केली तरी हे सहाचे सात होतील, दहा होणार नाहीत, कारण हे दोन विभाग बोर्डानं मुद्दाम असे ठेवलेत की पाठांतर तिथं उपयोगी पडू नये. प्रश्नपत्रिकेला आता शाळेत कृतिपत्रिका म्हणतात ते उगाच नाही. मुलानं तिथं काहीतरी करायचं असतं.

पाठांतराला नावं ठेवण्याचा मला फारसा अधिकार नाही, हेही सांगून टाकते. नोकरीची पहिली सात-आठ वर्षं मीसुद्धा फळ्यावर पत्रं लिहून द्यायचे. मुलं ती उतरवून घ्यायची, पालक खूश, मुख्याध्यापक खूश. मग एका उन्हाळ्यात पेपर तपासायला बसले. एका गठ्ठ्यात ओळीनं अठरा उत्तरपत्रिका निघाल्या, अठराहीत तेच पत्र, तीच मैत्रीण, तिचा पत्तासुद्धा तोच. मैत्रिणीला दहावीत पहिली आल्याबद्दल अभिनंदन केलं होतं. प्रश्नात विचारलं होतं की शाळेच्या वृक्षारोपणाला धाकट्या भावाला बोलाव. मांडणीचा म्हणून जेमतेम एक गुण देता आला. एकोणिसाव्या उत्तरपत्रिकेत एका पोरानं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं: ये, येताना खुरपं आण, आमच्या शाळेत खुरपी कमी आहेत. स्पेलिंगच्या चुका होत्या, काळाचे घोळ होते. त्याला मी पाचपैकी साडेतीन दिले आणि त्या जूनपासून फळ्यावर पत्र लिहून देणं बंद केलं.

आता तुमचं काम सांगते. तुम्ही म्हणता, मला इंग्रजी येत नाही म्हणून नुसती शेजारी बसते. ताई, उताऱ्याच्या बाबतीत तुम्हाला इंग्रजी येत नाही हीच सोय आहे. मला उतारा येतो. त्यामुळं मुलगी अर्धवट काही पुटपुटली तरी उरलेलं मी माझ्या मनात भरून घेते आणि "बरोबर" म्हणून पुढं जाते. तुम्हाला ते जमणारच नाही. तुम्हाला समजेपर्यंत तिला सांगावं लागेल, आणि सांगता सांगता तिला कळेल की आपल्याला कुठपर्यंत समजलंय आणि कुठून पुढं आपण नुसती ओळींवरून नजर फिरवली.

म्हणून रोज संध्याकाळी एक उतारा. मागच्या वर्षांच्या कृतिपत्रिकांमधले घ्या, शाळेत मिळतील. तिनं तो मनात दोनदा वाचायचा. मोठ्यानं नको; मोठ्यानं वाचताना सगळं लक्ष उच्चारात जातं. शब्दकोश, गाईड, मोबाईल, सगळं लांब. मग तुम्ही भाकरी थापता थापता विचारायचं, काय होतं गं त्यात? ती मराठीत सांगेल. तुम्ही आपलं शेजारीण काही सांगायला लागली की विचारतो तसं विचारायचं. कोण? कुठं? मग काय झालं? असं का केलं त्यानं? ती अडखळली की "नीट वाचत नाहीस" असं म्हणू नका. "कुठल्या ओळीत आहे ते, बोट ठेव," एवढंच म्हणा. बोट ठेवायला गेली की ती ओळ पुन्हा वाचावी लागते. निम्मं काम तिथं होतं.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे मी काय म्हणते ते दिसेल. समजा उताऱ्यात बाया, म्हणजे आपल्या सुगरण पक्ष्यावर, अशा चार ओळी आहेत: "द मेल बाया वीव्ह्ज हिज नेस्ट विथ लाँग स्ट्रिप्स ऑफ ग्रास. व्हेन द नेस्ट इज हाफ रेडी, द फीमेल कम्स अँड इन्स्पेक्ट्स इट. इफ शी लाइक्स इट, ही फिनिशेस द वर्क. इफ शी डझ नॉट, ही मे हॅव टू बिगिन अगेन."

यातले "वीव्ह्ज" आणि "इन्स्पेक्ट्स" तिला येत नाहीत असं धरू. क्लासची सवय अशी की न येणाऱ्या शब्दाखाली रेघ मारायची, गाईडात बघायचं. परीक्षेत गाईड नसतं. तिला विचारा, नेस्ट म्हणजे? घरटं. कशाचं? गवताच्या लांब पात्यांचं. मग पक्षी पात्यांचं काय करत असेल? विणत असेल. झालं. अर्ध्या घरट्यापाशी मादी येते, मग एकतर तिला ते आवडतं नाहीतर आवडत नाही. म्हणजे मधल्या वेळात ती काय करते? बघते, तपासते. दोन्ही शब्द आजूबाजूच्या शब्दांनीच सांगितले. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे खोपे तिनं लहानपणापासून पाहिलेत. पाठ केलेल्या बारा पत्रांपेक्षा ते इथं जास्त कामाला येतात.

आता गंमत पुढं आहे. या उताऱ्यावर पहिलं विधान येईल, "द फीमेल बिल्ड्स द नेस्ट", चूक की बरोबर? आपल्या मनात खोपा सुगरणीचा असतो, मादीचा. मुलगी झटकन बरोबर लिहून मोकळी होईल. उताऱ्यात मात्र घरटं नर विणतो, आणि खऱ्या जगातही तसंच आहे. चांगल्या चांगल्या पोरांचे गुण असे जातात. डोक्यात असलेलं लिहितात, समोर लिहिलेलं वाचत नाहीत. म्हणून ते "बोट ठेव".

उताऱ्याच्या १० गुणांची घडण ठरलेली असते, ए-१ ते ए-५, प्रत्येकी २ गुण. पहिल्या दोन कृतींची उत्तरं उताऱ्यातच पडलेली असतात. पहिलीत सरळ सापडतात, दुसरीत दोन-तीन ठिकाणचं गोळा करून तक्त्यात किंवा जाळ्यात भरायचं असतं. तिसरी शब्दांची: "नीट तपासून बघते" अशा अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधा, म्हणजे इन्स्पेक्ट्स. चौथी व्याकरणाची. म्हणजे पहिल्या तिन्हींचे सहा गुण समजून वाचणाऱ्याचे, आणि असे उतारे पेपरात तीन. पाचवी कृती म्हणजे मराठीच्या पेपरातलं स्वमत. उताऱ्याला धरून तुला काय वाटतं ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं. ही जागा मुलं कोरी सोडतात, आणि तपासणाऱ्याला ते बघवत नाही. "आय लाइक धिस बर्ड बिकॉज इट ट्राइज अगेन" एवढ्यावरसुद्धा एक गुण तरी देता येतो. कोऱ्या जागेवर देता येत नाही, देवाची शपथ घेऊन सांगते, हात शिवशिवतो तरी देता येत नाही.

सारांशाचं तर तुमच्या घरात फारच सोपं आहे. उतारा सांगून झाला की तिला म्हणा, आता थोडक्यात सांग, तव्यावरची भाकरी उलटायच्या आत. ती तीन वाक्यं बोलेल. तीच तीन वाक्यं सारांश. इंग्रजीत करताना उताऱ्यातले सोपे शब्द घ्यायचे, उदाहरणं, आकडे, कोण काय म्हणालं ते गाळायचं, साधारण तिसरा हिस्सा ठेवायचा, वर एक मथळा द्यायचा. मथळा विसरू नका म्हणावं, तो प्रश्नातच मागितलेला असतो.

तिचे मराठीतले ६८ बघा ना. मराठीच्या पेपरात काय असतं? अपठित उतारा, आकृतिबंध, स्वमत, सारांशलेखन, पत्र, बातमी, कथा. इंग्रजीच्या पेपरात जे मागतात तेच. म्हणजे जी मुलगी मराठीत न पाहिलेला उतारा वाचून त्यावर मत लिहिते, बातमी तयार करते, तीच मुलगी इंग्रजीचा पेपर हातात आला की बारा पत्रांमधलं कुठलं आलंय ते शोधत बसते. मराठीत तिला कुणी पाठ करायला लावलं नाही म्हणून ती करायला शिकली. इंग्रजीत तिला कुणी करूच दिलं नाही.

"मराठी शाळेत घालून चुकलं का" याचं माझं उत्तर यातच आलं, पण तुम्ही विचारलंय तर स्पष्ट बोलते. नाही चुकलं. तुम्ही शाळेत होतात तेव्हा इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना ते पहिलीपासून सुरू झालं. तुमच्या मुलीनं दहा वर्षं इंग्रजी ऐकलंय, वाचलंय. ते तिच्या आत कुठंतरी आहे, बाहेर यायची वाट तेवढी झालेली नाही. जाऊबाईंच्या मुलाशी तुलना करायचीच तर एकदा दोघांना तोच उतारा द्या आणि दोघांना मराठीत गोष्ट सांगायला सांगा. (हे जाऊबाईंच्या देखत करू नका, दिवाळी आहे.)

आता लेखन. २० गुण, चार प्रश्न: पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचं रूपांतर, आणि बातमी किंवा गोष्ट. यातलं माहितीचं रूपांतर पहिलं धरा. तक्ता किंवा आकृती देऊन परिच्छेद लिहायला सांगतात, नाहीतर परिच्छेद देऊन तक्ता भरायला. शब्द सगळे समोर छापलेले असतात. माझ्या मते अख्ख्या पेपरातले हे सर्वांत स्वस्त पाच गुण आहेत, आणि पाठ करता येत नाहीत म्हणून क्लासवाले त्याकडं बघत नाहीत. आठवड्यात दोन करा, महिन्याभरात चार गुण कुठं जात नाहीत.

बाकीच्या तिन्हींसाठी एकच औषध, आणि ते कडू आहे. रोज स्वतःची पाच वाक्यं. खताच्या दुकानातून दरवर्षी डायरी मिळते ना, ती तिला द्या. रोज एक पान, पाच वाक्यं, आज घरात किंवा बागेत जे घडलं त्यावरच. "माय मदर" या विषयावर गाईडातली वाक्यं चालणार नाहीत. आज लाइट किती वाजता आली, मजूर आले का, फवारणी झाली का.

तुम्ही म्हणता तुम्हाला इंग्रजी येत नाही. तुमच्या बागेत दिवसभर काय बोलतात ते आठवा: ड्रीप, स्प्रे, डिपिंग, थिनिंग, सबकेन, डाऊनी, एक्स्पोर्ट. सांगलीच्या क्लासमधल्या पोरांना यातले चारसुद्धा माहीत नसतील. "टुडे वी डिड थिनिंग. टेन विमेन केम. आय कॅरिड टी." ही तीन वाक्यं गाईडात नाहीत, म्हणून ती तिची. महिन्याभरानं पेपरात पत्र आलं, मामाला गावाकडं बोलाव, तर तिच्याकडं सांगायला काहीतरी असेल.

तुम्ही ही रोजची वाक्यं तपासणार कशी? चार गोष्टी बघा, त्याला इंग्रजी लागत नाही. प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आहे का. शेवटी टिंब आहे का. "यातलं क्रियापद दाखव" म्हटल्यावर तिला एका जागी बोट ठेवता येतं का. बोट दोन ठिकाणी भिरभिरायला लागलं की वाक्यात घोळ आहे. आणि चौथं, ते वाक्य तिनं तुम्हाला शब्दाला शब्द मराठीत उलटून सांगायचं. तिलाच हसू आलं तर वाक्य दुरुस्त होईल. बाकीच्या चुकांसाठी आठवड्यातून एक पान शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवायचं. सात पानं दिली तर ते टाळतील. एक पान, मधल्या सुट्टीत, कुणीही बघून देतं.

मराठी घरातल्या मुलांच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. एकतर जिथं तिथं "इज" घुसतो, "माय फादर इज गो टू फार्म", कारण आपल्या कानाला "आहे" शिवाय वाक्य पुरं वाटत नाही. दुसरी माझी लाडकी चूक, "माय फादर आर फार्मर". मुलं अडाणी म्हणून ही चूक करत नाहीत, संस्कारी म्हणून करतात. आपण वडिलांना "करतो" म्हणत नाही, "करतात" म्हणतो, मग इंग्रजीतही त्यांना अनेकवचन देतात. तिला सांगा, इंग्रजीत वडीलसुद्धा एकटेच, मान मनात ठेवायचा. तिसरी, "मला दोन भाऊ आहेत" याचं "टू मी आर टू ब्रदर्स". तिथं "आय हॅव". चौथी, "डिड नॉट वेंट". भूतकाळ एकदा "डिड"नं घेतला की पुढच्या क्रियापदावर त्याचा भार पुन्हा टाकायचा नाही. आणि "अ" नि "द", जे मराठीत नाहीतच, त्यामुळं आपल्याला त्यांची उणीव भासत नाही. त्यांच्यासाठी आता जीव काढू नका, त्यानं दोन-तीन गुणांपलीकडं फरक पडायचा नाही. पहिल्या चार चुका डायरीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. रोजची पाच वाक्यं झाली की त्या चारांशी ताडून बघायची. डिसेंबर संपेपर्यंत निम्म्या जातील.

मोबाईलबद्दल एक इशारा. मराठीत वाक्य बोलून इंग्रजी करून घ्यायची सोय आता प्रत्येक फोनमध्ये आहे. वाक्य आधी डायरीत, पेननं. नंतर हवं तर फोनला विचारावं की तू कसं लिहिलं असतंस, आणि दोन्हींत काय वेगळं आहे ते बघावं. क्रम उलटा झाला की तेही पुन्हा तेरावं पत्र.

कवितेचे १० गुण मी सोडून दिले नाहीत. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना. पुस्तकातल्या कवितांचे पहिले चार मुद्दे खुशाल पाठ करावेत, तिथं पाठांतर चालतं, आणि तिला ते उत्तम येतं. मध्यवर्ती कल्पना मात्र पुन्हा तुमच्यापुढं, मराठीत, आधी बोलून. शेवटच्या भाषांतराच्या प्रश्नाला हात लावू नका, ४ आहेत ते पुरे.

राहिला सांगलीचा क्लास. यजमानांना सांगा, रोजचे तीन तास एसटीत गेले तर डायरीची पाच वाक्यं लिहायला ती कधी बसणार? शिवाय क्लास बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा, तिथं असो की गावात: मुलीनं स्वतः लिहिलेलं पान तुम्ही तपासून, लाल खुणा करून परत देता का? "आम्ही रेडी नोट्स देतो" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघायचं. गावातल्या सरांवर रागवू नका. गुण कमी पडले की पालक त्यांच्याकडंच नोट्स मागतात. मीही त्यातून गेलेय. त्यांच्याकडंच जाऊ द्या, पण बारा पत्रांची वही महिनाभर तुमच्या कपाटात राहू द्या.

दिवसांचं म्हणाल तर मार्च समजून चालू नका. २०२५ साली दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती. दिवाळीपासून धरलं तर साडेतीन महिने. त्यात तुमची बाग, पुढं माल काढणीला आला की घरात कुणाला वेळ नसणार, हे मला माहीत आहे. म्हणून रोज पाऊण तासाच्या वर सांगितलं नाही. जानेवारीच्या सराव परीक्षेत ३५ च्या जागी ४८-५० दिसले तर समजा गाडी लागली रस्त्याला. ६० ची अपेक्षा तिच्यावर टाकू नका, निदान बोलून दाखवू नका. पेपर तीन तासांचा असतो. तिथं तिनं बाहेरचा उतारा आणि लेखन शेवटच्या अर्ध्या तासावर ढकलायचं नाही, एवढं मात्र सराव परीक्षेपासूनच पाळायचं. आत्ता ती ते दोन्ही शेवटी करते, असं मी झेरॉक्सवर पैज लावून सांगते.

आणि आता तुमच्याशी नाही, तुमच्या मुलीशी बोलते. ताई, तुम्ही पाकीट तिच्याकडं टाकायला दिलं असणार. झेरॉक्सच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं, अगदी बारीक अक्षरात, एक ओळ आहे: "मॅडम, माय मदर इज राइट धिस लेटर अँड आय ॲम पोस्टिंग इट. प्लीज टेल हर डोन्ट वरी."

बाळ, ही ओळ तुला कुणी लिहून दिली नव्हती. बारा पत्रांत ती नाही, दहा गोष्टींतही नाही. मला तुझं म्हणणं पहिल्या वाचनात समजलं. चूक मोठी अशी एकच आहे. "इज राइट" नाही, पत्र लिहून झालंय, म्हणून "रोट". पुठ्ठ्यावरच्या पहिल्या चुकीपुढं एक खूण कर. "टेल हर" नंतर "नॉट टू" आलं तर जास्त बरं दिसेल, पण त्याचा मी गुण कापला नसता. आईला मी सांगितलं आहे. आता डायरीचं पहिलं पान लिहून झालं की त्याची झेरॉक्स पाठव, आणि या वेळी पुढच्या बाजूला लिही, पेननं.